सातवं बिल

आमच्या घरात महिन्याला सहा बिलं येतात. लाइट, नळ, गॅस, इंटरनेट, दूध आणि माझ्या नवऱ्याच्या, सौरभच्या, मोटारसायकलचा हप्ता. सातवं बिल माझ्या सासूबाईंनी सुरू केलं, आणि ते माझ्यासाठी होतं.

सासूबाई म्हणजे विजयाबाई. वीज ऑफिसात एकतीस वर्षं बिल जमा करायच्या खिडकीत बसल्या. अर्ध्या माधव नगरने त्यांच्या हातात पैसे दिलेत आणि त्यांच्या तोंडून "छुट्टे लाइए" ऐकलंय. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी सवय गेलेली नाही. घरात कोणी काही मागितलं की आधी वर बघत नाहीत, हातातलं काम संपवतात, मग चष्म्यावरून बघून विचारतात, "हं, बोला." लग्न होऊन मी देवासहून इथे आले तेव्हा मला त्यांची भीती वाटायची. पुढे भीती गेली आणि राग यायला लागला. राग बरा, तो निदान घरचा वाटतो.

मी टावर चौकामागच्या एका खाजगी शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. दुपारची शाळा, पगार बेताचा, पण मला ती नोकरी मनापासून आवडते. गेल्या वर्षी जूनअखेर शाळेने कागद काढला. बी.एड. नसलेल्या शिक्षकांनी पुढच्या वर्षी दहा जूनपर्यंत प्रवेश घेतल्याची पावती आणून द्यावी, नाहीतर जुलैपासून येऊ नये. मी फ्रीगंजमधल्या एका कॉलेजात चौकशी केली. वर्ग सकाळचे होते, म्हणजे शाळा सांभाळून जमलं असतं. पहिल्या वर्षाची फी बेचाळीस हजार, एकरकमी.

घरी येऊन मी जाहीर केलं की नोकरी गेल्यात जमा आहे. आमच्याकडे शिल्लक हा शब्द फक्त भाजीच्या बाबतीत वापरतात. सौरभ औषध कंपनीत फिरतीवर, त्याचा पगार पंधरा तारखेनंतर कुठे असतो ते त्यालाही ठाऊक नसतं. आई-बाबांचं, म्हणजे सासू-सासऱ्यांचं, पेन्शन घरखर्चात जातं. मी बोलत होते आणि माझा आवाज चढत होता.

आई भेंडी चिरत होत्या. भेंडी संपली. चष्म्यावरून बघितलं. "हं, बोल. किती महिने आहेत?"

"बारा. नाही, अकरा आणि थोडे दिवस."

"पुढच्या जूनचा पहिला आठवडा धरला तर बारा हप्ते होतात. बेचाळीसला बाराने भाग दे."

"साडेतीन हजार."

"गणिताची बाई आहेस ना? मग रडून काय राहिलीस?"

मला इतका संताप आला की मी आत निघून गेले. भागाकार मलाही येत होता. साडेतीन हजार दर महिन्याला कुठून काढायचे हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर भेंडीच्या ताटात नव्हतं.

पण आईंकडे होतं. रात्रीच्या जेवणाला त्यांनी सगळ्यांना ते ऐकवलं. "एकतीस वर्षं पाहून राहिले होते मी. लोकांकडे फिरायला जायला पैसे नसतात, दात दाखवायला नसतात, पण बिलाला असतात. का? तर बिलाला तारीख असते आणि मागे लाइनमन असतो. आपल्याला जे हवं असतं, त्याच्या मागे कोणीच नसतो. म्हणून ते राहून जातं. सीधी गोष्ट आहे."

"मग?" सौरभने विचारलं.

"मग मधुराच्या फीचं बिल येईल. दर महिन्याला."

आम्हाला वाटलं, बोलायची गोष्ट आहे. एक जुलैला स्वयंपाकघरातल्या बिलं टोचायच्या तारेच्या आकड्याला खरंच एक कागद लटकला होता. पिवळसर, रेघा आखलेला, वर 'उपभोक्ता क्रमांक १', खाली 'देय तिथि', 'अधिभार' आणि एकदम तळाला 'भुगतान न होने पर संयोजन विच्छेदित किया जाएगा', म्हणजे पैसे भरले नाहीत तर कनेक्शन कापणार. सगळं हिंदीत. आई घरात मराठी बोलतात, पण मराठीतलं बिल त्यांना चिठ्ठीसारखं वाटतं. फ्रीगंजमधून त्यांनी 'भुगतान प्राप्त' असा शिक्कासुद्धा करवून आणला होता. एकशे वीस रुपयांचा. मी म्हटलं, बचतीची सुरुवात झकास झाली.

बिलं भरायचं खातं बाबांकडे होतं. बाबा म्हणजे माझे सासरे, सुहासराव, जलसंसाधन विभागातले रिटायर्ड स्टोअरकीपर. अत्यंत सज्जन माणूस. एकच गोष्ट, कागदावर जे नाही ते बाबांसाठी जगात नाही. साधी फावडी द्यायची तरी मागणीचा कागद लागायचा आणि कागद आला की फावडी हजर. घरातही तसंच. एक तारखेला घरखर्चाच्या पैशांतून ते सात पाकिटं भरायचे. आकड्यावर बिल लागलं की त्या नावाचं पाकीट उघडायचं आणि भरायला निघायचं. ऑनलाइन भरणं त्यांना मंजूर नव्हतं. लाइटचं बिल खिडकीवर भरायचं, मग टावर चौकात चहा प्यायचा आणि मग घरी यायचं, ही त्यांची महिन्याची सहल होती.

सातवं बिल भरायला कुठे जायचं नव्हतं. बाबा साडेतीन हजार घेऊन आईंसमोर उभे राहायचे, आई मोजायच्या, शिक्का मारायच्या, पैसे शंकरपाळ्यांच्या स्टीलच्या डब्यात आणि डबा कपाटात. मी म्हटलं, बँकेत ठेवा. तर म्हणाल्या, "बँकेतले सौरभला मोबाइलवर दिसतात." सौरभने मोबाइल खिशात टाकला.

आता हे सांगायला सोपं आहे. ऑगस्टमध्ये गिझर गेला. सप्टेंबरात मोटारसायकलचं टायर. दर वेळी माझं मन म्हणायचं, या महिन्याचं राहू दे, पुढच्या महिन्यात डबल भरू. हे वाक्य आईंसमोर उच्चारायची सोय नव्हती. "हे तर मी रोज दोनशे लोकांकडून ऐकलंय," त्या म्हणायच्या, "पुढच्या महिन्यात डबल भरलेला एक माणूस मला दाखव."

ऑक्टोबरात दिवाळी आली आणि घराने पहिल्यांदा बिल थकवलं. देय तारीख अठरा. एकोणीसला वीस रुपये अधिभार लागला, तो देवापुढच्या डबीत वेगळा गेला. तेवीसला नोटीस आली आणि पंचवीसला आईंनी कनेक्शन कापलं. म्हणजे घरातली शेव बंद केली. बाहेरच्यांना हे हसण्यावारी नेता येईल. आमच्याकडे पोह्यांवर शेव, वरणभातावर शेव, भाजी आवडली नाही तर भाजीऐवजी शेव. सौरभने तीन दिवस कोरडे पोहे खाल्ले. चौथ्या दिवशी दिवाळीसाठी बाजूला काढलेले बुटांचे पैसे आणून डब्यापाशी ठेवले आणि म्हणाला, "घ्या. आणि ती शेव काढा."

मी हसले. मग आत जाऊन त्याचे जुने बूट पाहिले, टाचेला झिजलेले, आणि माझं हसू ओसरलं.

डिसेंबरात मीच फितूर झाले. शाळेच्या स्नेहसंमेलनाला सगळ्या जणी एकसारख्या साड्या घेणार होत्या, सोळाशेची एक. मी आईंना म्हटलं, डब्यात माझेच तर पैसे आहेत. त्या म्हणाल्या, "जमा झालेली रक्कम परत होत नसते." मी म्हटलं, मग मला नकोच तुमचं बी.एड. त्या म्हणाल्या, "माझं नाही, तुझं," आणि भाजी निवडत राहिल्या. मी लग्नातली साडी नेसून गेले. दोन दिवस बोलले नाही. अठरा तारखेला शिक्का मात्र मारून घेतला.

जानेवारीपासून एक नवल घडलं. बाबा सातव्या बिलाला साडेतीन हजारांऐवजी पाच हजार सहाशे द्यायला लागले. आईंनी पहिल्यांदा मोजले, पुन्हा मोजले आणि बाबांकडे बघत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी न सांगता बाबांना दुसरा चहा दिला. मला हळूच म्हणाल्या, "स्वतःच्या खर्चातून वाचवून राहिलेत. टावर चौकातला चहासुद्धा बंद केलाय, बघितलंस? जातच नाहीत आजकाल." फेब्रुवारीत पुन्हा पाच हजार सहाशे. मार्चमध्ये पुन्हा. आई घरात चक्क बाबांचं कौतुक करायला लागल्या, तेही त्यांच्यासमोर. बाबा जरा गोंधळल्यासारखे हसायचे. चाळीस वर्षांत कौतुकाची सवय नसली की माणूस गोंधळायचाच, असं आम्हाला वाटलं.

एप्रिलच्या अठरा तारखेला डबा पालथा घालून मोजला. त्रेचाळीस हजार चारशे. दोन महिने आधीच उद्दिष्ट पार!

मी बाबांच्या पाया पडले. रविवारी सौरभने पोहे-जलेबी आणली. मेचा हप्ता आईंनी स्वतः माफ केला. त्या साडेतीन हजारांत कूलरला नवी मोटर बसली आणि मला कॉलेजसाठी दोन कुर्ते आले. कुर्ते घालून मी आरशासमोर उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा मला खात्रीने वाटलं की मी जाणार. वर्षभर वाटलं नव्हतं. वर्षभर मी आईंचा खेळ खेळत होते, इतकंच.

मेच्या मध्यावर, एका शनिवारी सकाळी अकराला, दारात लाइनमन चौहान उभे राहिले. हातात पक्कड, खांद्याला दोरी आणि चेहरा मेल्याहून मेल्यासारखा. आईंना ते वीस वर्षं ओळखतात.

"मैडम, आपका नाम लिस्ट में है. मुझे लगा ग़लती होगी."

"कौन सी लिस्ट?"

"काटने की. चार महीने का बकाया है."

आईंनी त्यांच्या हातातला कागद घेतला. वाचला. मग आत वळून, अगदी हळू, "अहो," म्हणाल्या. "लाइटचं बिल कधीपासून नाही भरलं?"

बाबा पेपर वाचत होते. "तूच तर भरतेस," ते म्हणाले. "तुझ्याकडेच तर देतो दर महिन्याला."

आणि मग सगळं उलगडलं. डिसेंबरनंतर लाइटचं कागदी बिल यायचं बंद झालं होतं, आता ते मोबाइलवर मेसेजमध्ये येत होतं. बाबा मेसेज बघत नाहीत. आकड्यावर आता एकच असा कागद उरला होता ज्याच्यावर उपभोक्ता क्रमांक, देय तिथि आणि अधिभार होता, तो आईंचा. बाबांनी विचार केला, विजयाने दोन्ही बिलं एकत्र केली. आई नोकरीत असताना एकतीस वर्षं या घरात लाइटचं बिल भरणं म्हणजे हेच होतं. बाबा पैसे आईंच्या हातात देणार, आई दुसऱ्या दिवशी ऑफिसात जमा करणार. म्हणून ते लाइटच्या पाकिटातले एकवीसशे आणि फीचे साडेतीन हजार एकत्र आणून देत होते. आणि आई शिक्का मारून घेत होत्या.

एकवीसशे चोक आठ हजार चारशे. आम्ही दोन महिने आधी गाठलेलं उद्दिष्ट म्हणजे लाइटचे पैसे होते. रोज दुपारी मी साठ मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवते. हे जास्तीचे पैसे कुठून येतायत, असा प्रश्न मला चार महिन्यांत एकदाही पडला नाही.

चौहान अवघडून म्हणाले, "मैडम, मैं सोमवार को आ जाता हूँ. घर में कोई नहीं मिला, लिख दूँगा."

"नहीं," आई म्हणाल्या. "आप काटिए. जैसे सबका काटते हैं."

"आई!" मी ओरडले. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं.

"काटिए," त्या पुन्हा म्हणाल्या. चौहान खांबाकडे गेले. पंखा फिरत फिरत थांबला.

मी हिशेब केला. थकबाकी, अधिभार, पुन्हा जोडायचे पैसे, सगळं मिळून आठ हजार सातशे साठ. डब्यातून ते गेले तर उरणार चौतीस हजार सहाशे चाळीस. जूनचा हप्ता धरून अडतीस हजार एकशे चाळीस. फी बेचाळीस. तारीख दहा जून. घाम, बंद पंखा आणि तो आकडा यांच्यात मी बाबांकडे वळले.

"एक काम होतं बाबा तुमच्याकडे. एकच." आवाज माझाच होता, पण मला तो आवडला नाही. "राहू द्या. नाहीतरी मी शिकून काय दिवे लावणार होते."

बाबांनी पेपर घडी करून ठेवला. ते उठले, आकड्यावरचे सगळे कागद काढले आणि खिडकीपाशी उजेडात बसून तारखेप्रमाणे लावायला लागले. एकेक कागद ते दोनदा उलटसुलट करून बघत होते. ते पाहून मला जी लाज वाटली, तिच्यापुढे उकाडा काहीच नव्हता.

संध्याकाळी सौरभ आला. म्हणाला, चार हजारच कमी पडतायत, मित्राकडून उसने आणतो. आई म्हणाल्या, "उसने आणून बिल भरलं की दोनदा भरावं लागतं. सोमवारी बघू." त्यापुढे त्यांनी चर्चा बंद केली. दोन दिवस आम्ही ओल्या चादरी खिडक्यांना लावून काढले. शेजारी विचारायचे, तर आई स्पष्ट सांगायच्या, "बिल थकलं होतं, कनेक्शन कापलंय." त्यांना ते सांगताना काय होत असेल ते मला कळत होतं. विचारणारा जवळजवळ प्रत्येक जण त्यांच्या खिडकीचं जुनं गिऱ्हाईक होता.

रविवारी मी चहा घेऊन बाबांकडे गेले. "बाबा, माझं चुकलं," म्हटलं. ते म्हणाले, "कागद आला नाही गं. आला असता तर मी थांबलो असतो का?" मी म्हटलं, मला माहीत आहे. मग त्यांनी स्वतःच मोबाइल पुढे केला. सौरभने दुकानातून चार्ज करून आणला होता. "दाखव मला, कुठे येतं ते." दोनशे चौदा न वाचलेले मेसेज होते. त्यात बिलाचे चार. बाबांनी चारही मेसेज वहीत उतरवून घेतले, तारीख, वेळ आणि रक्कम लिहून. आता कागदावर आले म्हणजे खरे झाले. मला इतकं हसू आलं, आणि बरं वाटलं की तेही हसले.

सोमवारी आई मला घेऊन ऑफिसात गेल्या. वाटेत मी ठरवून टाकलं होतं की त्या सरळ आत जातील, कोणा जुन्या साहेबाला नमस्कार करतील, काम पाच मिनिटांत होईल. त्या लाइनीत उभ्या राहिल्या. पुढे सतरा माणसं होती. ज्या खिडकीत त्या एकतीस वर्षं बसल्या होत्या, तिच्याच समोर, बाहेरच्या बाजूला, कमरेला पदर खोचून.

मी पुटपुटले, "आई, आत सांगा ना तुम्ही कोण ते."

"ओळख सांगणाऱ्यांना मी लाइनीत उभं केलंय. आता मी सांगू?"

पाऊण तासाने खिडकी आली. आत एक तरुण मुलगी, नवीन, कंत्राटावरची असावी. तिने वर न बघता कीबोर्ड बडवला. "आठ हज़ार सात सौ साठ. कैश या ऑनलाइन?"

"बेटा, आधा आज जमा करना है. आधा अगले महीने."

"आंटी, फ़ुल पेमेंट करना पड़ेगा. आधे के लिए साहब की साइन लगती है, आवेदन दीजिए. अगला!"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आईंचा चेहरा मात्र हलला नाही. "आवेदन है," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून अर्जाचा कागद काढला. रात्री मेणबत्तीपाशी बसून लिहून ठेवला होता, आम्हाला न सांगता.

साहेब आतल्या खोलीत होते, पस्तिशीचे, बदलून आलेले. त्यांनी आवेदन वाचलं. मीही खांद्यावरून वाचलं. थकबाकी का झाली ते एका ओळीत, 'हमारी भूल से'. बाबांचं नाव नव्हतं. पुढे लिहिलं होतं, 'बहू की बी.एड. की फ़ीस दस जून तक जमा करनी है. वह अच्छा पढ़ाती है. उसकी नौकरी न जाए, इसलिए आधी राशि आज और आधी पाँच जुलाई तक जमा करने की अनुमति दी जाए.'

अच्छा पढ़ाती है. सात वर्षांत आईंनी हे मला एकदाही म्हटलं नव्हतं. एका अनोळखी साहेबाला लिहून दिलं होतं.

"आवेदन बहुत साफ़ लिखा है," साहेब म्हणाले. "पहले कहीं काम करती थीं?"

मला वाटलं, आता सांगतील. आई म्हणाल्या, "जी, थोड़ा-बहुत." साहेबांनी सही केली.

परत खिडकीशी आलो, चार हजार तीनशे ऐंशी भरले. मुलीने पावती दिली. संध्याकाळी पाचला चौहान स्वतः आले, वायर जोडली आणि पंखा फिरला तेव्हा आमच्या चौघांच्या तोंडून एकाच वेळी "हुश्श" बाहेर पडलं. बाबा उठून लाइटचं बटण दोनदा बंद-चालू करून आले, उगाच.

डब्यात एकोणचाळीस हजार वीस होते. एक जूनला पाकिटं भरली गेली. लाइटचं लाइटला, आणि साडेतीन हजार आईंसमोर. बेचाळीस हजार पाचशे वीस. मी ते तीन वेळा मोजले. माझा आता कोणाच्याच बेरजेवर विश्वास नव्हता, माझ्यासुद्धा. पाचशे वीस उरत होते आणि मला ते पाच लाखांसारखे वाटत होते.

चार जूनला आम्ही दोघी कॉलेजात गेलो. आईंनी डब्यासकट पैसे पिशवीत घेतले होते. तिथेही खिडकी होती आणि लाइन होती, आणि कडेला उभी असलेली मी दर दोन मिनिटांनी पिशवीला हात लावून बघत होते. कारकुनाने नोटा मोजल्या, मशीनवर पुन्हा मोजल्या, आणि पावती फाडून दिली. आईंनी ती उजेडात धरली. माझं नाव, वर्ष, रक्कम. मग परत आत सरकवली. "तारीख का ठप्पा नहीं लगा." त्याने कपाळाला आठ्या घालत ठप्पा मारला. आईंनी पुन्हा पाहिली आणि माझ्या हातात दिली.

"ठेव. शाळेत देताना झेरॉक्स दे, ही देऊ नकोस."

मी हो म्हटलं असेन. मला नीट आठवत नाही. पावती हातात आली आणि वर्षभर छातीत धरून ठेवलेलं काहीतरी एकदम सुटलं. नोकरी राहिली. मी शिकणार. जुलैत माझी साठ पोरं मला सोडून कोणा दुसऱ्या बाईंना "मिस" म्हणणार नव्हती. आमच्या घरात कोणी कोणाला मिठी मारत नाही, नमस्कारावर भागतं. मी तिथेच, भर खिडकीत, आईंच्या गळ्यात पडून रडायला लागले.

त्या आधी ताठ उभ्या राहिल्या. मग पाठीवर दोनदा थोपटलं. "पुरे," म्हणाल्या. "बाजूला हो. मागे लाइन लागलीये."

पण त्या स्वतःही हलल्या नाहीत. त्यांचा हात माझ्या पाठीवरून निघाला नाही. मागच्या बाई "आंटी, ज़रा..." म्हणाल्या, तर आई वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या, "दो मिनट रुकिए."